रकाना क्रमांक नऊ

मला कुस्ती खेळायची आहे असं मी घरी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. बायको म्हणाली, ‘पाठीला पट्टा बांधून जा.’ सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, ‘रक्तगट लिहिलेला कागद खिशात असलेला बरा.’ हसायला सुरुवात झाली ती मला टोपणनाव हवं आहे हे कळल्यावर.

आता हे टोपणनावाचं खूळ माझं नव्हे. हौशी कुस्ती मंडळाचा सभासदत्वाचा अर्जच तसा आहे. पहिले आठ रकाने कुठल्याही सभ्य अर्जात असतात तेच: नाव, वय, वजन, हाड मोडल्यास कोणाला कळवावे, वगैरे. नववा रकाना ‘टोपणनाव’ आणि दहावा ‘शैली’. स्पर्धेच्या दिवशी कर्ण्यावरून फक्त या दोन गोष्टी पुकारतात. खरं नाव पुकारलं की समोर कोण उभा आहे ते लोकांना कळतं आणि मग कुस्तीतली मजा जाते, असं मंडळाचं म्हणणं. मला ते पटलं.

पटायला कारण होतं. शाळेत आमच्या वर्गात बेचाळीस मुलं होती आणि एक्केचाळीस टोपणनावं होती. एकाला बेडूक म्हणत, एकाला घंटा, एकाला तर नुसतंच ‘अर्धा डबा’ म्हणत आणि तो अभिमानाने ओ देई. मला ‘ए, तू’ म्हणत. पुढे मी बांधकाम परवाना कार्यालयात लागलो. तिथे बावीस वर्षं मी ‘टेबल चार’ आहे. घरी मी ‘अहो’ आहे. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही. त्या छताकडे बघून ‘जेवायला वाढलंय’ म्हणतात आणि ते मला उद्देशून असावं असं धरून मी पाटावर जाऊन बसतो. अशा माणसाला वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी एक छापील रकाना विचारतो की बाबा रे, तुला आम्ही काय म्हणू? खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अर्ज भरायला आठ दिवसांची मुदत होती. पहिल्या दिवशी माझी पसंती ‘काळं वादळ’ होती.

‘वादळ?’ बायको म्हणाली. ‘बरणीचं झाकण उघडायला तुम्ही माझ्याकडे आणून देता.’

ती दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. दिवसभर माणसांची नावं पुकारून आत पाठवणं हे तिचं काम, त्यामुळे नावांच्या बाबतीत ती स्वतःला अधिकारी समजते. तिचं म्हणणं असं की नाव हाक मारायला सोपं हवं, दोन दारांपलीकडे ऐकू जायला हवं आणि ऐकल्याबरोबर माणूस उठला पाहिजे. बाकी सगळी हौस.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खाली आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण आमच्या इमारतीत एका घरात शिंक आली की तीन घरांत वाफेचं पातेलं चढतं, तेव्हा बातमी पोचायला वेळ लागला नसावा. त्यांनी दोनशे पानी वही आणली होती. तीत त्यांनी रात्रीतून एकशे अठरा नावं अकारविल्हे लिहून काढली होती.

‘अजिंक्य,’ ते म्हणाले.

‘पण सर, मी हरलो तर?’

‘तर नाव खोडता येईल. पुढचं घ्या. अढळ.’

अशी आम्ही ‘ग’पर्यंत मजल मारली. तिथे ‘गरुड’ निघाला आणि मी थांबलो. गरुडात काहीतरी होतं. मी त्याला मनातल्या मनात ‘पोलादी’ हे विशेषण जोडलं आणि अंगावर काटा आला.

‘पोलादी गरुड,’ मी मोठ्याने म्हणालो.

‘पोलादाचा असला तर उडणार कसा?’ मुख्याध्यापकांनी विचारलं.

‘कुस्तीत उडायचं कुठं असतं, सर?’

‘मग गरुड कशाला?’

या माणसाने छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं आणि त्यातलं एकही मूल त्यांना आजवर भेटायला का आलं नाही, ते मला त्या क्षणी समजलं. सासूबाईंनी पंख्याकडे बघून मत दिलं की हे नाव ताकदीच्या औषधाच्या बाटलीवर शोभेल.

सातव्या दिवसापर्यंत ‘काळं वादळ’ आणि ‘पोलादी गरुड’ अशी दोनच नावं उरली. आठव्या दिवशी मी अर्ज ऑफिसात नेला. डब्याच्या सुट्टीत शांतपणे भरायचा, नववा रकाना सगळ्यात शेवटी, असं ठरवलं होतं.

इथे मला माझ्या टेबलामागच्या भिंतीबद्दल सांगायला हवं. त्या भिंतीवर एक पाटी आहे. मजकूर माझाच आहे, आणि तो मी स्वतः टाइप करून, चौकट करून लावला आहे: ‘अर्जातील कोणताही रकाना रिकामा सोडू नये. माहिती लागू नसल्यास ‘लागू नाही’ व काहीच नसल्यास ‘निरंक’ असे स्पष्ट लिहावे.’ बावीस वर्षांत मी या एका वाक्यावर जितके अर्ज परत पाठवले आहेत, तितक्या कागदात एखादं लहान गाव गुंडाळता येईल. रिकामा रकाना दिसला की मला शिवण उसवलेला शर्ट दिसल्यासारखं होतं.

मी आठ रकाने भरले. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. पाच मिनिटांनी परत आलो तेव्हा डोक्यात साहेबांचे शब्द होते आणि हातात पेन होतं. समोर दोन रकाने रिकामे दिसत होते. हाताने काय केलं ते मला समजलं नाही, शपथेवर सांगतो. अर्जाची घडी घातली, पाकिटात घातला, सहाच्या आत मंडळाच्या खिडकीवर दिला आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘शेवटी गरुडच टाकला बघ.’ मला तसं खरंच वाटत होतं.

मंडळाचा सराव महापालिकेच्या वाचनालयाच्या तळघरात होतो. वर लोक वाचत असतात. त्यामुळे खाली ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे आणि कुस्ती कुजबुजत खेळावी लागते. कोणाचा खांदा दुखावला तर तो तोंडात टॉवेल कोंबून विव्हळतो. आम्ही चौदा सभासद होतो. शिकवायला वस्ताद होते. दिवसा ते टायरची पंक्चरं काढतात आणि संध्याकाळी आमची.

‘साहेब,’ पहिल्याच दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, ‘प्रत्येकाची कुस्ती त्याच्या धंद्यात असते. तो शिंपी बघा, आधी समोरच्याचं माप घेतो. तो बेकरीवाला बघा, माणसाला कणकेसारखा तिंबतो. तुमची शैली कुठली?’

बेकरीवाल्याकडे मी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मी त्याला ओळखत होतो. त्याच्या भट्टीच्या धुराड्याच्या परवानगीची फाईल आठ महिन्यांपासून माझ्या टेबलावर होती. अडचण फार मोठी नव्हती. ‘धुराड्याचा रंग’ हा रकाना त्याने रिकामा सोडला होता. धुराडं धुराने काळंच होणार, रंग कसला लिहू, असं त्याचं म्हणणं. ते मला लेखी हवं होतं. दर सोमवारी तो येई आणि मी त्याला पुढच्या सोमवारी यायला सांगे. मन मोकळं करायला कुठेतरी जागा हवी म्हणून त्याने कुस्ती सुरू केली होती, हे त्याने मला तिथेच, कानात सांगितलं.

तर शैली. मी आधी आक्रमक शैली करून पाहिली. शिट्टी झाल्याबरोबर डोकं खाली घालून धावून गेलो. शिंपी बाजूला झाला आणि मी चपलांच्या मांडणीत जाऊन थांबलो. मग उचलून आपटायची शैली. त्यात मी शिंप्याला कमरेत धरून वर उचलायला गेलो आणि तिथेच कमरेतून वाकलेला राहिलो. घरी जाताना रिक्षात मला त्याच आकारात बसवलं. मग चपळ शैली. तिच्याविषयी वस्ताद इतकंच म्हणाले की ती करताना मी डोळे उघडे ठेवले असते तर बरं झालं असतं.

‘साहेब, घाबरू नका,’ ते म्हणाले. ‘ट्यूबला भोक कुठं आहे ते वरून दिसत नाही. पाण्यात धरली की बुडबुडे येतात. तुम्हाला पाण्यात धरायला पाहिजे.’

मला हे फारसं आवडलं नाही.

तीन आठवड्यांनी सभासदपत्र आलं. जाड, गुळगुळीत, माझ्या फोटोसकट. मी ते सगळ्यांसमोर उघडलं, कारण माणसाला आपल्या विजयाला साक्षीदार लागतात. त्यावर टपोऱ्या अक्षरांत छापलं होतं:

टोपणनाव: लागू नाही. शैली: निरंक.

बायको सोफ्यावर बसली. मग आडवी झाली. इतकी हसताना मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती, म्हणजे तेव्हा तर अजिबातच नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसत ती म्हणाली, ‘निरंक हे मात्र त्यांनी बरोबर लिहिलंय.’

मी हसलो नाही. आत जाऊन दार लावून घेतलं. एक्केचाळीस टोपणनावांचा तो वर्ग आठवला. इतक्या वर्षांनी जगाने विचारलं होतं की तुला काय म्हणू, आणि मी माझ्याच हाताने, माझ्याच वळणदार अक्षरात कळवलं होतं की मला काही म्हणायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मंडळाच्या कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक तीनवर एक बाई होत्या. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के उंचीनुसार लावलेले होते. मी ओळखलं की इथे काम सोपं नाही.

‘टोपणनाव चुकून पडलंय,’ मी म्हणालो.

‘सही तुमची आहे?’

‘आहे.’

‘अक्षर तुमचं?’

‘माझंच.’

‘मग चुकून कसं?’

हा प्रश्न मी स्वतः हजारो लोकांना विचारला आहे. त्याला उत्तर नसतं, म्हणून तर तो विचारायचा असतो. बाईंनी मला नमुना ‘ब’ दिला. नाव बदलायचं तर नव्या नावाने लोक साठ दिवस हाक मारत असल्याचे दोन पुरावे हवेत. त्यातला एक नात्याबाहेरचा हवा, आणि तोंडी चालणार नाही.

‘बाई, पण नाव मिळाल्याशिवाय लोक त्या नावाने हाक कशी मारतील?’

‘सोमवारी या,’ बाई म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला. इतक्या सफाईने मलाही जमत नाही.

मग साठ दिवस आमच्या इमारतीत पोलादी गरुडाचा प्रसार सुरू झाला. मुख्याध्यापकांनी जबाबदारी अंगावर घेतली. रोज सकाळी सात वाजता ते जिन्याच्या कठड्यावरून वाकून, एकेका अक्षराला न्याय देत, ‘पोलादी गरुड!’ अशी हाक देत. चौथ्या दिवशी फलकावर सोसायटीच्या सचिवांची सूचना लागली: ‘जिन्यात पोलादी गरुड किंवा अन्य कोणत्याही पक्ष्याच्या नावाने ओरडू नये.’ मी संतापलो, मग थंड डोक्याने विचार केला आणि सूचनेची एक प्रत सही-शिक्क्यासह मागून घेतली. नात्याबाहेरचा लेखी पुरावा झाला. दुसरा पुरावा म्हणून मुख्याध्यापकांनी मला पत्रच लिहिलं: ‘प्रिय पोलादी गरुड, आमची शिडी तीन महिन्यांपासून आपल्याकडे आहे.’

बायकोनेही नाखुशीने हातभार लावला. एका संध्याकाळी भाजीबाजारात ती मागून ओरडली, ‘पोलादी गरुड, दोन किलो कांदे घ्या!’ पुढच्या चार दुकानदारांनी वळून पाहिलं. एक कुत्राही थांबला. मी तसाच पुढे चालत राहिलो, पार कोपऱ्यापर्यंत. मला हाक मारली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. रिकाम्या पिशवीनिशी घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, ‘ऐकल्यावर माणूस उठला पाहिजे, म्हटलं होतं मी.’

या गोष्टीने मी जरा हललो. पण अर्ज दाखल झाला होता, आणि दाखल झालेला अर्ज आपल्या पायांनी चालतो.

साठ दिवस पुरे व्हायला दहा दिवस असताना मंडळाची वार्षिक स्पर्धा पुढच्याच आठवड्यात असल्याचं जाहीर झालं. म्हणजे मला जुन्याच नावाने उतरावं लागणार होतं. वर आणखी शैली निरंकच होती. त्या सोमवारी वस्ताद माझ्या ऑफिसात आले. दुकानापुढे पत्र्याची शेड टाकायची होती म्हणून. मी बघितलं तेव्हा ते बाकावर बसले होते आणि माझ्यासमोर बेकरीवाला उभा होता. नेहमीसारखाच तो तावातावाने आला होता. मी त्याला बसा म्हणालो, त्याचं सगळं ऐकून घेतलं, फाईल शोधली, ती सापडेपर्यंत त्याच्या मुलांची चौकशी केली, सापडल्यावर चष्मा शोधला, मग रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून पाटीकडे हात केला. अर्ध्या तासाने तो खांदे पाडून निघून गेला.

वस्ताद उठून आले. त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

‘साहेब, बुडबुडे आले,’ ते म्हणाले.

‘कुठं?’

‘हात न लावता तुम्ही त्या बैलाला अर्धा तास खेळवलात. आला तेव्हा ताठ होता, गेला तेव्हा लोळागोळा. तुमची शैली हीच. मॅटवर काहीही करायला जाऊ नका. त्याने पाय धरला तर हात पुढे करा. हात धरला तर विषय बदला. खाली बसा, जड व्हा. मॅट म्हणजे टेबल समजा.’

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं कोणी इतकं मनापासून कौतुक केलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती, म्हणून आवाजाला मुभा होती. ऐंशी खुर्च्या भरल्या होत्या. दुसऱ्या रांगेत बायको, सासूबाई आणि वही घेऊन मुख्याध्यापक. चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या चिठ्ठीवर बेकरीवाला निघाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्याला हसताना बघितलं.

‘निळ्या कोपऱ्यात,’ कर्णा गरजला, ‘तापलेली भट्टी! शैली: आक्रमक!’ टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याने मान हलवली, तिच्यातून आवाज आला.

‘आणि तांबड्या कोपऱ्यात,’ कर्णा जरा अडखळला, ‘टोपणनाव: लागू नाही. शैली: निरंक.’

आधी एक खुर्ची हसली, मग एक रांग, मग तळघर. मी मॅटच्या कडेला गुडघे वाकवून उभा होतो आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण तळघराच्या खाली आणखी काही नसतं.

शिट्टी झाली. बेकरीवाल्याने पहिल्या झटक्यात माझा डावा पाय धरला. मी वस्तादांच्या सांगण्याप्रमाणे उजवा हात पुढे केला. तो हाताकडे वळला, मी पाय काढून घेतला. त्याने मान धरली, मी खाली बसलो. मला उचलायला वाकला, तर मी पालथा होऊन जड झालो.

‘साहेब, धुराडं,’ तो माझ्या कानात गुरगुरला.

‘सोमवारी या,’ माझ्या तोंडून गेलं. सवय वाईट.

‘किती सोमवार?’ असं ओरडून तो माझ्यावर कोसळला. तीन मिनिटं त्याने मला डावीकडून तिंबलं, मग उजवीकडून. मला उताणं करायचा तो जीव खाऊन प्रयत्न करत होता. माझे खांदे मॅटला लागले की संपलं. एक खांदा लागला होता. नाकात मॅटचा रबरी वास होता, बरगड्या एकमेकींत शिरल्या होत्या. मी ठरवलं की आता सोडून द्यावं. चारचौघांत हसून झालंच आहे, पडल्याने काय फरक पडणार? ज्याला नावच नाही तो पडला काय आणि उभा राहिला काय.

‘लागू नाही!’

आवाज म्हातारा आणि कडक होता. मी मान वळवली. सासूबाई खुर्चीवरून उठल्या होत्या. एका हातात त्यांनी छापील कार्यक्रमपत्रिका धरली होती आणि त्या छताकडे बघत नव्हत्या, पंख्याकडे नाही, भिंतीकडे नाही. सरळ माझ्याकडे बघत होत्या.

‘लागू नाही, उठा! आडवे काय पडलात?’

मग बायको उभी राहिली. तिने तोंडाभोवती हात धरले आणि दवाखान्यात दोन दारांपलीकडे जाईल असा आवाज काढला, ‘लागू नाही! उठा!’ पुराव्यासाठी मारलेली ती भाजीबाजारातली हाक वगळता अठरा वर्षांत तिने मला पहिल्यांदाच ‘अहो’ सोडून काही म्हटलं होतं. मुख्याध्यापकांनी वही खुर्चीवर आपटत ताल धरला. मग ऐंशी माणसं एका सुरात, ‘लागू नाही! लागू नाही!’ आणि त्यात हसणं कुठेच नव्हतं. माझा खांदा मॅटवरून उठला. कोणी उठवला ते मला माहीत नाही, मी तर आज्ञेप्रमाणे उठत होतो.

मी पुन्हा पालथा झालो आणि टेबलासारखा चार पायांवर बसलो. बेकरीवाल्याने मला ओढलं, ढकललं, खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. मी काही केलं नाही. मनापासून, बावीस वर्षांच्या अनुभवाने काही केलं नाही. पाचव्या मिनिटाला त्याचे हात सुटले. तो मॅटवर मांडी घालून बसला, घामाने निथळत.

‘बास,’ तो पंचांना म्हणाला. ‘माघार घेतो. कुठं सही करायची ते सांगा.’

पंचांनी माझा हात वर केला. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण मी अजून जडच होतो. आनंद झाला, नाही कसा होईल? पण बेकरीवाल्याचा तो आवाज मी टेबलाच्या या बाजूने खूप वेळा ऐकला होता आणि त्याचा मला कधी त्रास झाला नव्हता. त्या दिवशी झाला. कारण तसाच आवाज मी खिडकी क्रमांक तीनवर स्वतः काढून आलो होतो.

सोमवारी तो आला नाही. मी फाईल काढली. ‘धुराड्याचा रंग’ या रिकाम्या रकान्यात, बावीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या अर्जावर माझ्या हाताने, ‘लागू नाही’ असं लिहिलं, सही केली आणि परवाना स्वतः नेऊन बेकरीवर दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि मला आत नेऊन भट्टी दाखवली. बुधवारी तळघरात त्याने मला पाच मिनिटांत तीनदा चीत केलं. आता त्याच्या डोक्यात धुराडं नव्हतं ना.

आणि दोन आठवड्यांनी पत्र आलं: आपली विनंती मान्य. टोपणनाव ‘पोलादी गरुड’ असे बदलण्यात येत आहे. जुने सभासदपत्र परत करून नवे घेऊन जावे.

मी पत्र टेबलावर ठेवलं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘लागू नाही, जेवायला वाढलंय,’ आणि मी लगेच उठलो. घास घेताना माझ्या लक्षात आलं की मी लगेच उठलो होतो.

शनिवारी आम्ही तिघं सासूबाईंचा नवा चष्मा आणायला निघालो होतो, वाटेत मंडळाचं कार्यालय लागतं. त्या दोघींना बाहेर उभं करून मी खिडकीवर गेलो.

‘मंजूर झालेला बदल रद्द करायचाय?’ बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘अडीच महिने खेटे घातलेत तुम्ही.’

‘हो.’

‘नमुना क. कारण लिहा. मोघम चालणार नाही.’

कारणाचा रकाना मोठा होता, चार ओळींचा. मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो. हाताला त्याच्या मनासारखं काही लिहू दिलं नाही. मग एका ओळीत लिहिलं: ‘घरचे याच नावाने हाक मारतात.’

बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

‘पुरावा?’ त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडणार तोच दारातून दवाखान्याचा आवाज आला, ‘लागू नाही! झालं का तुमचं? आई केव्हाची ताटकळलीय!’

रांगेतली सगळी माणसं वळून दाराकडे बघायला लागली. मी पण वळलो. ‘आलो, आलो,’ म्हणालो.

बाईंनी तिन्हीतला सगळ्यात उंच शिक्का उचलला.